बोस्टनने न केलेली सही

8 जानेवारी 2015 ला बोस्टनमध्ये एकाच दिवशी दोन गोष्टी झाल्या. चार्ली बेकर यांनी मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर म्हणून शपथ घेतली, आणि अमेरिकी ऑलिम्पिक समितीने जाहीर केलं, की 2024 च्या यजमानपदासाठी देशाकडून बोस्टन उभं राहणार. लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि वॉशिंग्टन मागे पडली. नव्या गव्हर्नरांची खुर्ची अजून गरमही झाली नव्हती, तर अंगावर हे आलं.

समितीने हा निर्णय डेन्व्हरच्या विमानतळावर बसून घेतला. जागा मोठी खोडसाळ निवडली म्हणायची, कारण मिळालेलं ऑलिम्पिक मतदारांच्या नकारामुळे परत करणारं जगातलं एकमेव शहर डेन्व्हरच. 1976 चं हिवाळी ऑलिम्पिक त्यांना मिळालं होतं. 1972 मध्ये कोलोरॅडोच्या मतदारांनी त्यासाठी पैसे द्यायला नकार दिला आणि स्पर्धा ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला गेल्या. त्या विरोधाचं नेतृत्व करणारे डिक लॅम दोन वर्षांनी गव्हर्नरपदी निवडून आले. हा इतिहास त्या बैठकीत कोणाला आठवला असेल, असं वाटत नाही.

मी तेव्हा क्विन्सीत राहत होते. बोस्टनच्या दक्षिणेला लागून असलेलं गाव, रेड लाइनवरचं. मूळची मी पुण्याची, त्यामुळे बातमी आली त्याच रात्री बाबांचा फोन आला. "काय गं, ऑलिम्पिक येतंय म्हणे तुमच्याकडे! मी तोपर्यंत चालताफिरता असलो तर तिकीट काढ." बाबा कुस्तीचे शौकीन. नऊ वर्षांनंतरच्या कुस्तीसाठी त्यांनी मनातल्या मनात आखाड्याजवळची जागासुद्धा धरून टाकली होती.

ऑफिसातही सुरुवातीला उत्साहच होता. जानेवारीत डब्ल्यूबीयूआर या इथल्या रेडिओ केंद्राने मतचाचणी घेतली, त्यात 51 टक्के लोक बाजूने होते आणि 33 टक्के विरोधात. मार्चपर्यंत हे आकडे 36 आणि 52 झाले. दोन महिन्यांत एवढं मत फिरलं, त्याचं पहिलं श्रेय मी कुठल्याही नेत्याला न देता बर्फाला देईन.

त्या हिवाळ्यात बोस्टनमध्ये 110.6 इंच बर्फ पडला, म्हणजे नऊ फुटांहून जास्त. तो बहुतेक सगळा जानेवारीच्या शेवटापासून पुढच्या काही आठवड्यांत. इथल्या सार्वजनिक वाहतुकीला सगळे नुसतं 'टी' म्हणतात. ती टी कोलमडली. रेड लाइनचे काही डबे 1969-70 सालचे होते. आमच्या बाजूची लाइन उघड्यावरून जाते, तिथला वीजपुरवठ्याचा रूळ बर्फाखाली गेला आणि लाइन बंद पडली. बदली बसच्या रांगेत उभं राहायचं, भरलेली बस समोरून जाऊ द्यायची, पुन्हा उभं राहायचं. एरवी अनोळखी माणसाशी हवामानापलीकडे न बोलणारे न्यू इंग्लंडचे लोक त्या रांगेत राजकारण बोलायला लागले. माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका नर्सबाईंनी रात्रपाळीहून परतताना फक्त एवढंच म्हटलं होतं, "आणि ह्यांना ऑलिम्पिक पाहिजे." फेब्रुवारीत टीच्या प्रमुख बेव्हर्ली स्कॉट यांनी राजीनामा दिला.

खरं तर टीच्या दुरवस्थेचं एक मूळ जुन्याच एका भव्य प्रकल्पात होतं. शहराच्या मधोमध जाणारा उन्नत महामार्ग जमिनीखाली घालायचं काम, 'बिग डिग'. सुरुवातीचा अंदाज होता 2.8 अब्ज डॉलर, खर्च गेला साडेचौदा अब्जांच्या वर, आणि व्याज धरलं तर 24 अब्जांच्या आसपास. 2006 मध्ये त्यातल्या एका बोगद्याच्या छताचा भाग कोसळून गाडीतल्या एका बाईंचा जीव गेला. या प्रकल्पाशी जोडलेल्या कर्जाचा मोठा बोजा 2000 साली टीच्या माथी मारला गेला होता. मोटारींसाठी बोगदा बांधायचा आणि हप्ते ट्रेनने फेडायचे, असा तो न्याय. आज त्या बोगद्यावर सुंदर बाग आहे, उन्हाळ्यात तिथे कारंज्यात मुलं खेळतात, मलाही ती आवडते. पण 'खर्च आवाक्यात राहील' हे वाक्य बोस्टनमध्ये कोणी उच्चारलं, की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते पाहण्यासारखं असतं.

बोस्टनच्या यजमानपदाच्या बोलीमागे कोण होतं? जॉन फिश, राज्यातल्या सगळ्यात मोठ्या बांधकाम कंपनीचे मालक. ऑलिम्पिक आणायला बिल्डर पुढे, यात आपल्याकडच्या माणसाला काही नवल वाटणार नाही. पण इथे ते लोकांच्या डोळ्यांवर आलं. मग एकेक गोष्ट बाहेर पडत गेली. महापौर मार्टी वॉल्श यांनी अमेरिकी समितीशी केलेल्या करारात एक कलम निघालं, की शहराच्या कर्मचाऱ्यांनी बोलीबद्दल किंवा ऑलिम्पिक समितीबद्दल वाईट बोलायचं नाही. ज्या गावाच्या बंदरात चहाच्या पेट्या फेकल्या गेल्या, तिथे ही अट! गदारोळ झाला आणि ते कलम बदलावं लागलं. नुकतेच पायउतार झालेले गव्हर्नर डेव्हल पॅट्रिक यांना या मोहिमेसाठी दिवसाला 7,500 डॉलर मिळणार होते, हे मार्चमध्ये उघड झालं. त्यांनी मग पैसे सोडले, पण व्हायचं ते नुकसान झालं होतं. मे महिन्यात फिश यांच्या जागी स्टीव्ह पॅग्लिउका आले, बास्केटबॉलच्या सेल्टिक्स संघाचे सहमालक, गुंतवणूक कंपनीतले. बिल्डर गेला, फायनान्सर आला.

विरोधक मात्र मुठीत मावतील एवढे. 'नो बोस्टन ऑलिम्पिक्स' हा मुख्य गट ख्रिस डेम्प्सी, लियम केर आणि केली गॉसेट या तिशीतल्या तिघांचा. डेम्प्सीने राज्याच्या वाहतूक खात्यात काम केलेलं होतं, त्यामुळे त्याला आकडे वाचता येत होते. 'नो बोस्टन 2024' नावाचा दुसरा गट होता, जास्त आक्रमक, माहिती अधिकाराचे अर्ज टाकून कागद बाहेर काढणारा. शहरात जाहीर सभा भरत, तिथे हे लोक पाट्या घेऊन येत. बोलीवाल्यांनी कोट्यवधी डॉलर खर्च केले, डेम्प्सी मंडळींचा सगळा खर्च दहा हजार डॉलरच्या आत बसला. त्यांची मागणी एका वाक्यात सांगता येण्याजोगी होती: जादा खर्च झाला तर तो कोण भरणार, ते लिहून द्या.

सगळं राजकारण येऊन थांबतं ते इथे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचा यजमान शहराशी करार असतो, आणि त्यात तूट आली तर ती यजमानांनी सोसायची असते. समिती सोसत नाही. आपल्याकडच्या जुन्या लग्नांसारखं आहे हे. मेनू, मानपान, मांडव किती मोठा, सगळं वरपक्ष ठरवणार आणि बिल वधूपित्याच्या नावावर. शिवाय मुहूर्त कित्येक वर्षं आधी ठरलेला, तो सहसा पुढे ढकलता येत नाही, हे प्रत्येक कंत्राटदाराला माहीत. काम अर्धवट असताना त्याने दर वाढवला, तर यजमानाने काय करायचं? ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 1960 पासूनच्या ऑलिम्पिकचे हिशेब तपासले, तेव्हा बजेट न ओलांडलेली एकही स्पर्धा त्यांना सापडली नाही. मॉन्ट्रियलचे महापौर ज्याँ द्रापो म्हणाले होते, की पुरुषाला मूल होणं जितकं अशक्य तितकीच ऑलिम्पिकला तूट येणं अशक्य. 1976 च्या त्या स्पर्धांचं कर्ज मॉन्ट्रियलने 2006 पर्यंत फेडलं.

याला एक लखलखीत अपवाद नेहमी सांगितला जातो, लॉस एंजेलिस 1984. तिथे 20 कोटी डॉलरहून जास्त पैसे उरले. पण तो चमत्कार का झाला, हे सांगताना बोलीवाले घाई करत. मॉन्ट्रियलची फजिती पाहून दुसरं कोणतंच शहर शेवटपर्यंत उभं राहिलं नव्हतं. लॉस एंजेलिसच्या मतदारांनी 1978 मध्ये शहराच्या तिजोरीतून ऑलिम्पिकवर खर्च करायला मनाई केली होती. गिऱ्हाईक एकच, आणि त्याच्या खिशाला कुलूप. समितीला अटी सोडाव्या लागल्या. लॉस एंजेलिस तुटीच्या हमीवर सही न करता जिंकलं.

बोस्टनच्या आराखड्यात स्टेडियम उभं राहणार होतं विडेट सर्कलमध्ये. महामार्ग आणि रेल्वेच्या यार्डाच्या बेचक्यात असलेली ही जागा शहरातल्या बहुतेकांनी कधी पाहिलेलीच नाही. तिथे मांसमासळीचा घाऊक बाजार होता, पहाटे ट्रक भरून शहरभरच्या हॉटेलांत माल जायचा. तिथे 60 हजार आसनांचं तात्पुरतं स्टेडियम बांधायचं, नंतर मोडायचं आणि त्या जागी 'मिडटाउन' नावाची नवी वस्ती वसवायची. ती वसवणाऱ्या विकासकाला मालमत्ता करात सवलत. जमीन मात्र व्यापाऱ्यांची होती आणि सौदा झालेला नव्हता. बीच व्हॉलीबॉल म्हणे बोस्टन कॉमनवर, म्हणजे 1634 पासून लोकांची असलेल्या कुरणावर. तिथे वाळू ओतायची कल्पना ऐकून गावातले सभ्य म्हातारे असे चिडले, की जूनच्या सुधारित आराखड्यात व्हॉलीबॉल उचलून क्विन्सीला आणलं, स्क्वॉन्टम पॉइंटच्या बागेत.

म्हणजे माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. खरं सांगायचं तर त्या दिवशी माझं मन थोडं डळमळलं. मी त्या बागेत संध्याकाळी फिरायला जात असे. समोर खाडी, पलीकडे शहराच्या इमारती, तिथे ऑलिम्पिकची बाकं मांडलेली मला दिसायला लागली. बाबांना हाताला धरून नेता आलं असतं. कुस्तीऐवजी व्हॉलीबॉल, पण ऑलिम्पिक ते ऑलिम्पिक. बोलीवाल्यांना हेच तर हवं असतं, की माणसाने हिशेब सोडून चित्र पाहावं. आणि विरोधकांतही सगळे काही करदात्यांच्या काळजीने झुरत नव्हते. 'आमच्या बागेत नको, बाकी कुठेही करा' म्हणणारे भरपूर होते. डॉर्चेस्टरमधल्या भाडेकरूची घरभाड्याची धास्ती आणि बीकन हिलवरच्या घरमालकाची शांततेची हौस एकाच पाटीखाली उभी होती.

23 जुलैला टीव्हीवर वादविवाद झाला. एका बाजूला पॅग्लिउका आणि अमेरिकी समितीतले डॅनियल डॉक्टरॉफ, दुसऱ्या बाजूला डेम्प्सी आणि स्मिथ कॉलेजचे अर्थतज्ज्ञ अँड्र्यू झिंबॅलिस्ट. डॉक्टरॉफ हा माणूस या नाट्यातला सगळ्यात रंजक. 2012 च्या स्पर्धांसाठी न्यूयॉर्कने केलेली बोली यांच्याच नेतृत्वाखाली हरली होती. त्यांचं म्हणणं, आम्ही हरलो तरी त्या निमित्ताने मॅनहॅटनच्या पश्चिम भागाचा कायापालट झाला, सातव्या नंबरची सबवे पुढे नेता आली. यात तथ्य आहे. मोठ्या निमित्ताशिवाय सरकारं हलत नाहीत, हा अनुभव मुंबई-पुण्याच्या माणसाला कोणी शिकवायला नको. पण याच मुद्द्याने त्यांचाच युक्तिवाद पोकळ होतो. ऑलिम्पिक न मिळताच सबवे वाढत असेल, तर ऑलिम्पिक हवं कशाला?

दुसऱ्या दिवशी मूळ प्रस्तावाची, कुठलाही मजकूर न झाकलेली प्रत बाहेर आली. ती मिळवण्यासाठी नगरसेवक टिटो जॅक्सन यांना समन्स काढण्याची धमकी द्यावी लागली होती. तोपर्यंत अमेरिकी समितीचाही धीर सुटला होता, कारण सप्टेंबरच्या मध्यापर्यंत देशाकडून उभ्या राहणाऱ्या शहराचं नाव अधिकृतपणे द्यायचं होतं. गव्हर्नर बेकर सांगत होते, राज्याने नेमलेल्या सल्लागारांचा अहवाल येऊ द्या, त्याआधी मी हो म्हणणार नाही. शपथविधीच्या दिवशी अंगावर आलेल्या पाहुण्याला त्यांनी सात महिने ओसरीवरच बसवून ठेवलं. समितीने महापौरांकडे जादा खर्चाच्या हमीपत्रावर सहीचा आग्रह धरला.

27 जुलैला, सोमवारी सकाळी, वॉल्श यांनी पत्रकार परिषद घेतली. शहराचं भवितव्य गहाण टाकायला मी नकार देतो, म्हणाले. हमीपत्रावर आज सही करा असा हट्ट असेल, तर बोस्टन या शर्यतीत नाही. काही तासांत समितीने बोली मागे घेतल्याचं जाहीर केलं. वॉल्श हे कामगार संघटनेतून वर आलेले, महिनोन्महिने बोलीचे खंदे पाठीराखे. त्यांना त्या सकाळी तत्त्व सुचलं की मतचाचणी, यावर आमच्या ऑफिसात दुपारभर वाद झाला. मला वाटतं दोन्ही, आणि लोकशाहीत ते दोन्ही एकत्र सुचायलाच हवं.

बाबांना सांगितलं तेव्हा ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "खाशाबांसाठी खर्डेकर सरांनी घर गहाण ठेवलं होतं." ही गोष्ट आमच्या घरात अनेकदा सांगून झालेली. 1952 ला हेलसिंकीला जायला खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते, गोळेश्वरच्या लोकांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर 7,000 रुपयांना गहाण टाकलं, आणि खाशाबांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक आणलं. बाबांच्या बोलण्यात बोस्टनबद्दल थोडा तिरस्कार होता, एवढं श्रीमंत शहर आणि एवढं कोतं मन.

"अहो बाबा, पण ते घर खर्डेकर सरांचं स्वतःचं होतं ना?" मी म्हटलं. "महापौरांना माझं गहाण ठेवायचं होतं." त्यावर ते हसले, पण पटलं नाही. त्यांनी विषय बालेवाडीवर नेला.

बालेवाडीचं संकुल 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं, तेव्हा मी शाळेत होते आणि आम्हा पुणेकरांना त्याचा अभिमान होता. त्याला पांढरा हत्ती म्हणणं अन्यायाचं होईल. 2008 ची युवा राष्ट्रकुल स्पर्धा तिथे झाली, पुढे टेनिस झालं, फुटबॉल झालं. त्याच उत्साहाच्या लाटेवर आमचे खासदार सुरेश कलमाडी दिल्लीच्या 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांचे सूत्रधार झाले. मग काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे: कॅगचा अहवाल, 2011 मध्ये अटक, वर्षानुवर्षं खटले, आणि 2025 मध्ये ईडीचा तपास बंद करण्याचा अहवाल कोर्टाने स्वीकारला. एवढी वर्षं आपण एकाच प्रश्नावर भांडलो, पैसे कोणी खाल्ले. पैसे कोण भरणार हा प्रश्न स्पर्धांच्या आधी कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. विचारायचं तरी काय? सरकार भरणार. आणि सरकार म्हणजे कोणीतरी दुसरं.

बोस्टन हटल्यावर लॉस एंजेलिस पुढे आलं. मग 2024 च्या शर्यतीत नकारांची रांगच लागली. नोव्हेंबर 2015 मध्ये हॅम्बुर्गच्या मतदारांनी 51.6 टक्क्यांनी नाही म्हटलं, 2016 मध्ये रोमच्या नव्या महापौर व्हर्जिनिया रॅजी यांनी नाही म्हटलं, 2017 मध्ये बुडापेस्टमध्ये तरुणांनी सार्वमतासाठी अडीच लाखांहून जास्त सह्या गोळा केल्या आणि शहराने माघार घेतली. उरली पॅरिस आणि लॉस एंजेलिस. आंतरराष्ट्रीय समितीने घाबरून दोघांनाही एकाच दिवशी एकेक स्पर्धा देऊन टाकली, 2024 आणि 2028. लॉस एंजेलिसने या वेळी मात्र सही केली आहे. जादा खर्चातले पहिले 27 कोटी डॉलर शहराचे, पुढचे 27 कोटी राज्याचे, त्यापुढचे सगळे पुन्हा शहराचे.

बोस्टनमधल्या विजयाचा मला पूर्ण आनंद घेता येत नाही, तो टीमुळे. 'आधी ट्रेन सुधारा' ही आमची घोषणा होती. ऑलिम्पिक गेलं, ट्रेन सुधारल्या नाहीत. 2022 च्या उन्हाळ्यात तर केंद्राच्या सुरक्षा तपासणीत टीचे वाभाडे निघाले आणि ऑरेंज लाइन दुरुस्तीसाठी अख्खा महिना बंद ठेवावी लागली. डॉक्टरॉफसारखे लोक म्हणू शकतात, बघा, मुदत नसली की काय होतं. नकार देणाऱ्यांनी पुढे वाहतुकीसाठी तेवढ्याच सभा भरवल्या असत्या, तेवढंच ओरडले असते, तर? काहींनी केलंही. डेम्प्सी नंतर वाहतुकीच्याच प्रश्नावर काम करत राहिला. पण सभागृहं तशी भरली नाहीत. रुळाच्या देखभालीवर कोणी टीव्हीवर वादविवाद ठेवत नाही. विडेट सर्कल मात्र अखेर 2023 मध्ये टीनेच विकत घेतलं, 25 कोटी 50 लाख डॉलरला, रिकाम्या गाड्या उभ्या करायला.

या सगळ्या नकारांतून ऑलिम्पिक समितीने जो धडा घेतला, तो मला सर्वात चतुर वाटतो. 2019 मध्ये त्यांनी निवडीची पद्धतच बदलली. आता शहरांची उघड शर्यत नाही, हरणं नाही, मोठ्या मतदानाचा तमाशा नाही. एक आयोग इच्छुकांशी शांतपणे बोलतो, एकाची निवड करतो, आणि मग फक्त शिक्का मारायचा. 2032 साठी ब्रिस्बेन असंच ठरलं, समोर कोणी नसताना. खर्च वाचतो हे खरं. पण बोस्टनमध्ये जे सात महिने मिळाले, नावं जाहीर होऊन करार व्हायच्या आतले, ते महिनेच या पद्धतीत आक्रसले.

ऑक्टोबर 2023 मध्ये याच समितीचं अधिवेशन मुंबईत भरलं होतं. तिथे पंतप्रधानांनी 2036 साठी भारताची इच्छा जाहीर केली, वर्षभराने इरादापत्र गेलं, आणि आता अहमदाबादचं नाव घेतलं जातं. आधी 2030 च्या राष्ट्रकुल स्पर्धा तिथे होणार आहेत. बाबा आता फार प्रवास करू शकत नाहीत, पण पुण्याहून अहमदाबाद म्हणजे रात्रीची गाडी, असं त्यांचं गणित आहे. मागच्या आठवड्यात फोनवर त्यांनी विचारलं, "आपल्याला मिळेल का गं?"

"मिळेलही," मी म्हटलं. "हमीपत्रावर सही कोण करतंय ते तेवढं पेपरात आलं तर कापून ठेवा."

"ते कशाला छापतील?" बाबा म्हणाले, आणि आईला चहा टाकायला सांगितला.